रिकामी गाडी न पाहणारे ब्रेकवाले : साकीनाक्यातील एका गॅरेजचा अनुभव

आमची पिकअप भरलेली असताना गप्प असायची आणि रिकामी होऊन परतताना किंचाळायची. चार महिन्यांत मी हे दोन ठिकाणी सांगितले होते आणि दोन्ही ठिकाणी मिस्त्रींनी ते ऐकता ऐकताच चाकाचे नट सैल करायला घेतले होते. हे ऐकून पाना बाजूला ठेवणारा आणि वही उघडणारा माणूस मला जूनच्या पहिल्या आठवड्यात साकीनाक्याला, खैरानी रोडवरून आत वळणाऱ्या एका गल्लीत भेटला. त्याच्या गॅरेजला फलक नाही. लागून असलेले दोन गाळे आहेत, बाहेर पत्र्याची शेड आहे आणि गल्लीच्या तोंडाशी ‘ब्रेकवाले कुठे’ असे विचारले की कोणीही हात करून दाखवतो. इंजिन, क्लच, रंगकाम यांपैकी काहीही ते घेत नाहीत. फक्त ब्रेक आणि चाकांची बेअरिंगे. मालवाहू गाडी रोज रस्त्यावर काढणाऱ्या माणसाला त्यांच्या कामाची पद्धत कळावी, म्हणून हा अनुभव तपशिलासह लिहीत आहे.

घाटकोपर पश्चिमेला आमचा २० लिटरच्या पाण्याच्या जारचा व्यवसाय आहे. एका खेपेला ६० जार जातात, म्हणजे निव्वळ पाण्याचेच १,२०० किलो वजन होते आणि जारचे वजन वेगळे. दिवसाला तीन खेपा होतात आणि त्यांपैकी दोन असल्फाच्या डोंगरावरच्या वस्तीत. गाडी आधी थेट वर जाते आणि उतरताना प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी थांबत जार देते. पहिल्या अर्ध्या उतारावर बहुतेक माल अजून गाडीतच असतो. रस्ता अरुंद, बाजूला दुचाक्या लावलेल्या, मध्येच शाळेची मुले. अशा ठिकाणी ब्रेकवर शंका घेऊन गाडी चालवणे म्हणजे काय, हे आमच्या चालक काकांना विचारावे. ते बावीस वर्षे मालाच्या गाड्या चालवत आहेत, आणि मे महिन्यात एका संध्याकाळी किल्ली माझ्या टेबलावर ठेवून ते म्हणाले, “ताई, गाडी थांबते आहे, पण मला विचारून थांबते आहे असं वाटतं.”

त्याआधी झाले होते ते असे. फेब्रुवारीत आवाज सुरू झाल्यावर आमच्या नेहमीच्या मिस्त्रीने पुढची चाके खोलून पॅड, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला (लोखंडी तबकडीला) दाबून गाडी थांबवणारे तुकडे, काढले, त्यांवर पॉलिश पेपर मारला, कडा ग्राइंडरवर तिरक्या केल्या आणि पुन्हा बसवले. आठ दिवस शांततेत गेले. मार्चमध्ये दुसऱ्या एका गॅरेजने नवे पॅड घातले. ते पंधरा दिवस गप्प राहिले. मेमध्ये त्याच गॅरेजने ‘आधीचा माल हलका होता’ असे सांगून पुन्हा नवे पॅड घातले, आणि या वेळी जुना आवाज तर परत आलाच, पण त्यात एका नव्या आवाजाची भर पडली : गाडी मागे घेऊन पुन्हा पुढे काढताना पुढच्या डाव्या चाकात ‘खट्’ असा एकच ठोका. दोन वेळचे पॅड आणि मजुरी मिळून ५,२०० रुपये गेले होते. ती कामे करणाऱ्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही. त्यांनी आवाजाला औषध दिले. आवाज कशाने होतो आहे हे मात्र पाहिले नाही.

साकीनाक्याच्या गॅरेजचे मालक साठीच्या घरातले आहेत आणि हाताखाली त्यांचा पुतण्या व एक मुलगा काम करतो. मालकांनी पहिली दहा मिनिटे गाडीकडे पाहिलेही नाही. त्यांनी काकांना समोर बसवले आणि शाळेच्या वहीत एकेक प्रश्नाचे उत्तर लिहून घेतले. आवाज ब्रेक दाबल्यावर येतो की न दाबताही येत राहतो? हलका पाय ठेवल्यावर जास्त की जोरात दाबल्यावर? सकाळच्या पहिल्या फेरीत की गाडी तापल्यावर? डावीकडे वळताना वाढतो का, उजवीकडे वळताना थांबतो का? पेडल पायाखाली थरथरते का? पावसात फरक पडतो का? शेवटी मागचे ब्रेक कधी खोलले होते, असा प्रश्न आला. त्याचे उत्तर आमच्यापैकी कोणालाच देता आले नाही. मालकांनी त्या ओळीखाली रेघ मारली.

या प्रश्नांमागचे कारण मी नंतर त्यांच्याकडून समजून घेतले. ब्रेकचा आवाज ही एकच तक्रार नसते. हलका पाय ठेवल्यावर येणारी बारीक, उंच किंचाळी ही पॅड डिस्कवर घट्ट न बसता अतिशय वेगाने थरथरल्याने येते, आणि म्हणूनच जोरात दाबल्यावर ती पुष्कळदा बंद होते, कारण तेव्हा पॅडला थरथरायला जागाच राहत नाही. आमची गाडी भरलेली असताना गप्प का, याचे उत्तर येथे होते : १,२०० किलो घेऊन उतरताना काका पेडल जोरात दाबत आणि रिकामी परतताना नुसता पाय टेकवत. पायाला जाणवणारी जाड, खरखरीत घरघर मात्र निराळी. ती बहुतेक वेळा पॅडचा मसाला, म्हणजे डिस्कला घासणारा थर, संपून लोखंडी पाठ डिस्कवर घासू लागल्याची असते, आणि तशी गाडी गॅरेजपर्यंतसुद्धा चालवत नेऊ नये. काही पॅडना एक छोटी पत्र्याची जीभ असते. मसाला दोन-तीन मिलिमीटर उरला की ती डिस्कला टेकते आणि मुद्दाम कर्कश आवाज करते, म्हणजे ती सूचना असते, बिघाड नव्हे. वळताना वाढणारी किंवा थांबणारी गुणगुण बेअरिंगकडे बोट दाखवते. ब्रेक न दाबताही सतत येणारी खसखस डिस्कमागच्या पत्र्यात अडकलेल्या खड्याची असू शकते किंवा सुटत नसलेल्या कॅलिपरची, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या चिमट्याची. आमच्याकडे किंचाळी होती, पुढच्या डाव्या बाजूला गाडी तापल्यावर येणारी मंद खसखस होती आणि तो ‘खट्’ होता. मालकांनी वहीत तीन वेगळे आकडे घालून तीन आवाज लिहिले. काकांच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जो दिलासा दिसला, तो मी विसरणार नाही. चार महिन्यांत प्रथमच कोणीतरी त्यांचे म्हणणे लिहून घेत होते.

मग मालक म्हणाले, “ताई, आज गाडी रिकामी आहे. रिकाम्या गाडीचे ब्रेक बघून मी काही सांगणार नाही. उद्या सकाळी माल भरून आणा.” मला त्या दिवशी हे जडच वाटले, कारण एक पूर्ण सकाळ त्यात जाणार होती. परंतु या गॅरेजचे वेगळेपण कशात आहे असे कोणी विचारले, तर मी आज याच वाक्याकडे बोट दाखवीन.

दुसऱ्या दिवशी साठ जार भरून गाडी नेली. मालक काकांच्या शेजारी बसले, गाडी असल्फाला नेऊन नेहमीच्याच उतारावरून नेहमीप्रमाणेच थांबत थांबत आणली, आणि खाली पोहोचताच पुतण्याने पिस्तुलासारखे दिसणारे तापमापक प्रत्येक चाकाच्या डिस्कवर व ड्रमवर रोखून आकडे वाचले. पुढची डावी डिस्क २१० अंश सेल्सिअस, पुढची उजवी १६५. मागचे दोन्ही ड्रम ५५ अंशांच्या आसपास. मालकांनी आकडे वहीत लिहिले, वही माझ्यासमोर धरली आणि विचारले, “भरलेल्या गाडीचे मागचे ड्रम एवढे थंड कसे?”

कोणत्याही गाडीत ब्रेक दाबल्यावर वजन पुढे झुकते आणि पुढच्या चाकांना थांबवण्याचे अधिक काम करावे लागते, हे खरे आहे. त्यामुळे पुढच्या डिस्क मागच्या ड्रमपेक्षा तापणारच. परंतु मालवाहू पिकअपमध्ये माल मागच्या अ‍ॅक्सलवर असतो आणि भरल्या गाडीत मागच्या ब्रेकनीही आपला वाटा उचलायचा असतो. आमच्या गाडीत तो उचललाच जात नव्हता. दुसरी गोष्ट डाव्या-उजव्यातील ४५ अंशांच्या फरकाची. एकाच अ‍ॅक्सलवरच्या दोन चाकांत एवढा फरक असेल, तर एक बाजू ब्रेक सोडल्यावरही पूर्ण मोकळी होत नसावी असा संशय घ्यायला जागा असते. एकही नट न खोलता दोन ठिकाणे ठरली होती.

जार दुसऱ्या गाडीत हलवून आम्ही आमची पिकअप तेथेच ठेवली, आणि पुढचे डावे चाक माझ्यासमोर खोलले गेले. कॅलिपर उतरवल्यावर तो रबरी नळीला लोंबकळत न सोडता पुतण्याने तारेच्या आकड्याने वर अडकवला. नळीवर वजन पडले तर ती आतून चिरते आणि बाहेरून दिसत नाही. काळी धूळ झटकायला हवेची नळी वापरली नाही. फवारा मारून ओल्या फडक्याने ती पुसून घेतली, कारण ब्रेकची ती बारीक धूळ हवेत उडाली की माणसाच्या छातीत जाते. हाताखालच्या मुलाच्या तोंडाला मास्क होता. आमच्या शहरातल्या गॅरेजांत हे दृश्य फार क्वचित दिसते, म्हणून मुद्दाम नोंदवत आहे.

पॅड हातात घेतल्यावर सरळ कडेने पाहिले तरी दिसत होते : तो पाचरीसारखा झिजला होता. व्हर्नियर लावल्यावर मसाला वरच्या टोकाला ८.२ मिलिमीटर आणि खालच्या टोकाला ४.६ मिलिमीटर भरला. पॅड जेमतेम महिन्याभरापूर्वीचा. त्याचा पृष्ठभाग काचेसारखा चमकत होता. अति तापल्यावर मसाल्याचा वरचा थर असा कडक व गुळगुळीत होतो, मग तो डिस्कला नीट धरत नाही आणि थरथरू लागतो. पॉलिश पेपर मारल्यावर आठ दिवस शांतता का मिळाली आणि नवव्या दिवशी का संपली, हे त्या चमकणाऱ्या पृष्ठभागाने सांगितले. कागदाने चमक जाते, पण तापण्याचे कारण तेथेच राहते.

कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो, त्यांपैकी वरची हाताने सरकली. खालची सरकेना. तिचे रबरी बूट एका बाजूने फाटले होते, आत पावसाचे पाणी आणि चिखल गेला होता, आणि पकडीने पिळून बाहेर काढलेली पिन तपकिरी गंजाने अशी माखली होती की हातात घेतल्यावर बोटांना तिची साल लागली. या पिनेमुळे कॅलिपर तिरका दाबत होता आणि तिरकाच अडकून राहत होता. पाचरीसारखी झीज, डाव्या बाजूची अधिक उष्णता आणि ती मंद खसखस यांचे मूळ या एका पिनेत होते. दोन वेळा नवे पॅड घालणाऱ्यांनी ही पिन दोन्ही वेळा उतरवली असती, तर निदान एक वेळचे पॅड वाचले असते. ‘खट्’चे उत्तर तर आणखी साधे निघाले. पॅडचे कान ज्या स्टीलच्या पातळ क्लिपांत बसतात, त्या क्लिपाच डाव्या बाजूला नव्हत्या. मागच्या वेळी पॅड बदलताना जुन्या क्लिपा काढल्या गेल्या आणि परत बसवल्या गेल्या नाहीत. पॅड त्याच्या खाचेत सैल होता आणि गाडीची दिशा बदलली की तो एका कडेवरून दुसऱ्या कडेवर आदळत होता.

एवढ्यावर थांबून बिल केले असते, तरी मी समाधानाने पैसे दिले असते. परंतु मालकांच्या वहीत मागच्या ड्रमचे आकडे होते.

त्यांनी गाडीचा मागचा भाग उचलताना जॅक चॅसीखाली न लावता अ‍ॅक्सलखाली लावला. मी विचारल्यावर त्यांनी खाली बसून एक दांडी दाखवली. पिकअपच्या चॅसीवर मागच्या बाजूला एक व्हॉल्व्ह असतो, त्याला मिस्त्री लोक लोड व्हॉल्व्ह म्हणतात, आणि त्याची दांडी मागच्या अ‍ॅक्सलला जोडलेली असते. गाडीत माल भरला की पाटे दबतात, चॅसी अ‍ॅक्सलच्या जवळ येते, दांडी वळते आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त दाब जाऊ देतो. गाडी रिकामी असली की उलट होते, म्हणजे हलक्या झालेल्या मागच्या चाकांना कमी दाब मिळतो आणि ती घसरत नाहीत. चॅसीखाली जॅक लावला तर अ‍ॅक्सल खाली लोंबतो, व्हॉल्व्हला गाडी रिकामीहूनही हलकी आहे असे वाटते, आणि मग मागचे ब्रेक तपासण्याला काही अर्थ राहत नाही. ही गोष्ट मला इतकी सुंदर वाटली की घरी आल्यावर मी ती पेल्या-बशांच्या मदतीने मुलीला समजावून सांगितली.

आमच्या व्हॉल्व्हची दांडी वळतच नव्हती. तिच्या सांध्यावर गंज आणि वाळलेल्या चिखलाचा असा गोळा बसला होता की टॉमीने ढकलल्यावरही ती जागची हलली नाही, आणि ती अडकली होती रिकाम्या गाडीच्या स्थितीत. साठ जार असोत वा नसोत, मागच्या ब्रेकना रिकाम्या गाडीपुरताच दाब मिळत होता आणि उरलेले सारे ओझे पुढचे दोन पॅड ओढत होते. दांडी का गंजली, हेही मालकांनी वर पाहून सांगितले. आमच्या गाडीच्या हौद्याच्या फळ्यांतून जारचे सांडलेले पाणी बरोबर त्या सांध्यावर ठिबकते. तीन खेपा, सहा दिवस आणि बारा महिने. पाण्याच्या, मासळीच्या, बर्फाच्या, भाजीच्या गाड्या चालवणाऱ्या प्रत्येकाने एकदा गाडीखाली वाकून हा सांधा पाहावा, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते.

दुरुस्तीला दोन दिवस लागले. लोड व्हॉल्व्हचा सांधा गंज सोडवणारे तेल घालून रात्रभर भिजवला, मोकळा केला आणि त्याचे झिजलेले बुश बदलले. दांडीच्या नटाची मूळ जागा मात्र आधी रंगाने खूण करून तशीच राखली, कारण त्या दांडीच्या लांबीवरच मागचा दाब ठरतो आणि ती अंदाजाने बदलणे म्हणजे मागची चाके घसरण्याला आमंत्रण देणे. मागचे ड्रम उघडले. ड्रमला आतून घासणारे लायनर भरपूर शिल्लक होते, फक्त ते ड्रमपासून फार दूर राहिले होते. ते साफ करून त्यांची सेटिंग केली. पुढच्या दोन्ही कॅलिपरना नव्या पिना आणि नवी रबरी बुटे घातली, पिनांना सिलिकॉनचे ग्रीस लावले. साधे ग्रीस लावले तर रबर फुगते आणि सहा महिन्यांत पुन्हा तीच कथा सुरू होते.

डिस्कची लहर, म्हणजे फिरताना ती किती डगमगते ते, मोजायला डायल गेज लावले, तेव्हा डाव्या डिस्कमध्ये ०.१२ मिलिमीटर आली. डिस्कच्या कडेवर बहुधा तिच्या किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो. आमच्या दोन्ही डिस्क त्या आकड्याच्या वर दीड मिलिमीटर होत्या, म्हणून बदलण्याऐवजी टर्निंग, म्हणजे लेथवर पृष्ठभाग सपाट, करून घेता आले. आमच्या गाडीत डिस्क हबला बोल्टने जोडलेली असल्याने हब उतरवावा लागला, आणि त्या निमित्ताने बेअरिंगे धुऊन नवे ग्रीस व नवी सीले बसली. टर्निंग चार दुकाने सोडून असलेल्या लेथवर झाले आणि पुतण्या स्वतः तेथे उभा राहिला. परत बसवल्यावर डायल गेज पुन्हा लावले : ०.०४. हा दुसऱ्यांदा मोजण्याचा कंटाळा ज्याला नाही, त्याच्याकडे गाडी द्यावी.

पॅडच्या बाबतीत त्यांनी दोन खोके समोर ठेवले आणि फरक सांगितला. मी गाडीच्या कंपनीचेच घेतले, कारण त्यात पाठीला लावायची शिम (थरथर कमी करणारी पातळ पट्टी) आणि चारही क्लिपा सोबत होत्या. पॅडचे कान आणि पाठ यांना उष्णता सोसणारे ग्रीस नखाएवढे लावले. डिस्कला घासणाऱ्या बाजूला त्याचा ठिपकाही जाऊ दिला नाही. पिस्टन मागे ढकलताना कॅलिपरचा हवा काढायचा निपल उघडला आणि आतले जुने, काळपट ब्रेक ऑइल बाटलीत घेतले. ते तसेच वर ढकलले असते, तर घाण मास्टर सिलिंडरकडे, म्हणजे पेडल दाबल्यावर ऑइलला दाब देणाऱ्या भागाकडे, गेली असती. मग चारही चाकांचे ऑइल बदलले. हे ऑइल हवेतली ओल शोषते. नव्या डॉट ४ दर्जाच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असावा लागतो, पण ओल शोषलेल्या ऑइलसाठी तीच मर्यादा १५५ अंशांवर येते. आमची डिस्क २१० अंशांवर जात होती, हे लक्षात घेतले म्हणजे दर दोन वर्षांनी ऑइल बदलण्याचा आग्रह का असतो ते निराळे सांगावे लागत नाही. शेवटी चाकांचे नट समोरासमोर, एकाआड एक, टॉर्क पान्याने आवळले. हवेच्या बंदुकीने वाटेल तसे आवळलेले नट हीसुद्धा डिस्कला लहर आणणारी गोष्ट आहे.

बिल हाताने लिहिलेले, पण ओळीओळीने मिळाले. पॅड १,९००, पिना आणि बुटांचे किट ९००, दोन डिस्कचे टर्निंग ८००, ब्रेक ऑइल ५००, बेअरिंगची सीले व ग्रीस ६००, मजुरी २,४००; एकूण ७,१०० रुपये. तपासणीचे ५०० रुपये पहिल्या दिवशी वेगळे घेतले होते, ते मजुरीत वळते केले. काम करून घ्यायचे नसेल तर ते ५०० परत मिळत नाहीत, हे ते आधीच स्पष्ट सांगतात आणि मला ते पूर्ण रास्त वाटते. काढलेले सगळे भाग, त्या गंजलेल्या पिनेसह, पिशवीत घालून परत दिले.

उणिवाही आहेत. गल्ली इतकी अरुंद आहे की भरलेली पिकअप आत नेताना समोरून टेम्पो आला, तर एकाला मागे जावेच लागते; सकाळी नऊच्या आत पोहोचणे बरे. बसायला जागा नाही. फोन बहुधा उचलला जात नाही, कारण हात तेलात असतात, आणि गाडी तयार झाल्याचा निरोप आम्हाला कोणी दिला नाही. आम्हीच दोनदा जाऊन विचारले. एका वेळी दोनच गाड्या घेत असल्याने आम्हाला तारखेसाठी पाच दिवस थांबावे लागले. ज्याची एकच गाडी आहे आणि तीवरच घर चालते, त्याला हे पाच दिवस कठीण जातील. अशा ग्राहकांसाठी त्यांनी काही सोय करायला हवी, आणि हे मी मालकांना समक्षही सांगितले.

गाडी परत देताना मालकांनी काकांना बाजूला नेऊन नवे पॅड बसवून घेण्याची रीत सांगितली. पहाटे रस्ता मोकळा असताना वेग ५० वर न्यायचा, मध्यम दाबाने २० पर्यंत आणायचा, पूर्ण थांबायचे नाही, थोडे अंतर ब्रेक न लावता जाऊ द्यायचे. असे दहा वेळा. त्यानंतरचे २०० किलोमीटर अचानक जोराचा ब्रेक टाळायचा. असल्फाच्या उतारावर, ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचे, म्हणजे इंजिनही गाडीला धरून ठेवते. ही शेवटची गोष्ट काकांना ठाऊक होतीच, पण हेल्पर जेव्हा गाडी चालवतो तेव्हा तो न्यूट्रलमध्ये उतरतो हे त्यांनी त्या दिवशी प्रथम मला सांगितले. ते आता बंद आहे. आठवड्याभराने भरल्या गाडीची पुन्हा चाचणी झाली, तिचे पैसे घेतले नाहीत. पुढच्या डिस्क १२० आणि १२५ अंश, मागचे ड्रम ८५. तिन्ही आवाजांपैकी एकही नव्हता.

त्याला आता चार महिने झाले आणि पावसाळा मध्ये जाऊन गेला. जुलैत, दोन दिवस संततधार पावसात गाडी उभी राहिल्यानंतर, तिसऱ्या दिवशी सकाळी काकांचा घाबरलेला फोन आला की पुढून खरखर सुरू झाली. मी गॅरेजला फोन लावला आणि त्या दिवशी तो सुदैवाने उचलला गेला. मालकांनी विचारले, “पहिल्याच फेरीत आहे ना? डिस्क लाल दिसते का?” काकांनी वाकून पाहिले, डिस्कवर मुंबईच्या ओल्या खाऱ्या हवेत एका रात्रीत चढतो तसा गंजाचा पातळ लालसर थर होता. “दहा-बारा ब्रेक लागू द्या, मग बघा. तरी राहिला तर या,” एवढे सांगून त्यांनी फोन ठेवला. भटवाडीचा नाका येईपर्यंत आवाज गेला होता आणि डिस्क पुन्हा चकचकीत झाली होती.